पिशवीत न मावलेली घंटा

शाळेचा विषय निघाला की आमच्याकडची मोठी माणसं हळवी होतात. 'ते दिवस' म्हणतात, आणि ज्या सरांनी त्यांना ओल्या फोकाने झोडपलं, त्यांच्याच पाया पडायला माजी विद्यार्थी मेळाव्याला जातात. मला हे कधी जमलं नाही. मला शाळा आठवते ती अशी: मुलींच्या संडासाला कुलूप, किल्ली क्लार्कच्या टेबलामागच्या खिळ्यावर आणि क्लार्क तहसीलला गेलेला. पाहुणे आले की कप विसळायला मुली. पी.टी.च्या तासाला मुलं खो-खो खेळायची आणि आम्ही मैदानातले दगड वेचायचो. दरवर्षी तेच दगड, कारण चिंचा पाडायला मुलं ते परत आत आणायची.

म्हणून मी गुन्ह्यांच्या गोष्टी काढायला लागले. लिहायला नव्हे, काढायला. शहाद्यात आमचं बॅनरचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. गॉगल लावलेल्या भावी सरपंचाच्या मागे सिंह बसवायचा, त्याला दोन छटा गोरा करायचा, आणि शुभेच्छुकांचे चेहरे मानापमान न होता एका रांगेत लावायचे, असं माझं दिवसभराचं काम. त्यातला शेवटचा भाग फार अवघड असतो. तर त्या कामातून जो वेळ उरायचा त्यात मी चौकटी आखून चित्रकथा काढायचे. नाव ठेवलं 'मॉनिटरीण'. आठवीतली एक मुलगी, वर्गाची मॉनिटर, शाळेतल्या चोऱ्यामाऱ्यांचा तपास करते. खिचडीचं तेल कुठे जातं? चाचणीचा पेपर आदल्या दिवशी कुणाच्या दप्तरात होता? मुतारीच्या भिंतीवर सरांचं लग्न कुणी लावलं? खून एकही नाही. शाळेत खून करायला कुणाला सवड नसते.

आणि शेवटी कुणी सुधारत नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. चोर सापडतो, मार खातो, दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसतो. सर कुणाच्या डोक्यावरून हात फिरवत नाहीत. धुळ्याहून एका ताईंनी कळवलं की यातून मुलांना काय बोध मिळणार? मी उलट कळवलं, काही नाही.

छपाई आमच्याच मशीनवर, पत्रिकांच्या उरलेल्या कागदावर. त्यामुळे दुसरा भाग गुलाबी निघाला आणि तिसऱ्याला सोनेरी कडा होती. पेपरफुटीची गोष्ट, वर गणपती. तरी लोकांनी वाचली. आधी दुकानात येणाऱ्यांनी, मग त्यांच्या पोरांनी, मग फोनवर फोटो फिरायला लागले आणि पार म्हसावदपर्यंत गेले.

मला भीती होती ती ओळखीची. कारण मी सगळी माणसं माझ्याच शाळेतून उचलली होती. पण एक गंमत लक्षात आली. स्वतःला कुणीच ओळखत नाही. माझ्या गोष्टीतले शिट्टीवाले दुष्ट सर ज्यांच्यावरून काढले, ते निवृत्त सर एकदा नातवाच्या वाढदिवसाचा बॅनर करायला दुकानात आले. मी काउंटरखाली लपायच्या बेतात होते. ते म्हणाले, "त्या नालायकाला बरोबर धरलंस हां. असे होते काही आमच्यात. मी तर नाव घेऊन सांगू शकतो." आणि त्यांनी भलत्याच सरांचं नाव घेतलं. मी त्यांना चहा पाजला.

मग आला घंटेचा भाग.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. हात-दीड हात लांब, व्हरांड्याच्या आढ्याला लोखंडी कडीत लटकवलेला. संस्थेच्या अध्यक्षांच्या वडिलांनी तो नंदुरबारहून आणून शाळेला भेट दिला, असं आम्हाला दर पंधरा ऑगस्टला ऐकवत. वाजला की रस्त्यापलीकडच्या पपईच्या बागेत काम करणाऱ्या बायासुद्धा जेवायला बसायच्या. माझ्या गोष्टीत ही घंटा चोरीला जाते. शाळेत गोंधळ उडतो आणि शेवटी मॉनिटरीण शोधून काढते की क्लार्कने ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून, सायकलच्या हँडलला अडकवून भंगारात नेली. चित्र झकास जमलं होतं. क्लार्क शीळ घालत चाललाय आणि पिशवीतून रुळाचं टोक डोकावतंय.

हा भाग बाहेर पडून थोडेच दिवस झाले असतील. सोमवारी सकाळी फोन आला.

"वळखं का?"

"कोण बोली ऱ्हायनं?"

"तुन्हा मांगला बाकवर बसे तो. आते हेडसर शे मी."

हा माझा वर्गमित्र. दहावीला माझ्या मागे बसला होता आणि माझ्या खांद्यावरून बघून बघून त्याची मान जी डावीकडे कलली, ती आजतागायत तशीच आहे. पुढे त्याने संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलीशी लग्न केलं आणि यथावकाश मुख्याध्यापक झाला. मला वाटलं, क्लार्कने तक्रार केली असणार.

"तुन्हा पुस्तकपायी मन्ही शाळानी घंटा गयी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हंजे गयी! चोरी गयी! शनवारना व्हती, आज नही. तू पुस्तकमा चोरी करी दाखाडी, आते कोनी खरोखर करी. तूच ये आनि तूच शोधी दे."

मी म्हणाले, पोलिसांत जा. तो म्हणाला, रुळाचा तुकडा गेला म्हणून पोलिसांत गेलो तर ते आधी हेच विचारतील की रेल्वेचा रूळ शाळेकडे आला कसा. हे त्याचं म्हणणं बिनतोड होतं. शिवाय मंगळवारी अध्यक्ष, म्हणजे त्याचे सासरे, शाळेत यायचे होते. आले की चप्पल काढायच्या आधी ते स्वतःच्या हाताने एक टोला मारतात. बापाची आठवण म्हणून.

दुकान नवऱ्यावर सोपवून मी धडगावची बस धरली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. इतकी वर्षं शाळेने मला दगड वेचायला बोलावलं, आता तपासाला बोलावलं होतं.

फाट्यावर हेडसर स्वतः मोटरसायकल घेऊन उभा होता. रस्ताभर तो माझ्याशी अहिराणीत बोलला, फाटक ओलांडताच 'मॅडम' म्हणायला लागला. शिक्षकांच्या खोलीत नेऊन सगळ्यांना म्हणाला, "मॅडम प्रसिद्ध चित्रकार आहेत. यांना आपण संपूर्ण सहकार्य करावं." सगळ्यांच्या टेबलांवर माझा घंटेचा भाग होता. बाहेर भिंतीवर 'विद्या विनयेन शोभते' होतं, तेही माझ्या वेळचंच, फक्त 'शोभते'तली मात्रा आता उडाली होती.

मी शिपायापासून सुरुवात केली. वीस-पंचवीस वर्षं घंटा वाजवणारा माणूस, माझ्या वेळी तरुण होता. आता केस पांढरे. व्हरांड्यात, रिकाम्या कडीखाली स्टूल टाकून बसला होता. शेजारी खिचडीचं एक स्टीलचं ताट आणि पळी. घंटेऐवजी तो सकाळपासून ताट बडवत होता आणि दर वेळी पाचवीची पोरं जेवण समजून धावत येत होती.

"तुमचा कुणावर संशय?" मी विचारलं.

त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. मला वाटलं, आता काहीतरी हाती लागतंय.

"ताई, माले बी लेवा ना त्या पुस्तकमा."

"कशाला?"

"चोर करा, चाली. त्या क्लार्कले लिधं तुम्हीन. त्यानं काय वजन शे? त्यानंथून खुर्ची सरकत नही."

मग मी एकेका शिक्षकाला विचारलं आणि तासाभरात माझ्या ध्यानात आलं की घंटा गेल्याचं दुःख हेडसरशिवाय कुणालाही नाही. गणिताचे सर म्हणाले, आज पहिल्यांदा त्यांचा धडा पूर्ण झाला. ते सकाळी सुरू झाले आणि संपल्यावर थांबले, वर्ग मात्र पार गळून गेला होता. इतिहासाच्या मॅडमचा तास घसा कोरडा पडला की संपत होता आणि आज तो लवकर कोरडा पडला. मराठीच्या सरांना तर आपला तास कधी आहे हेच कळलं नाही. ते झाडाखाली वर्तमानपत्र वाचत होते आणि मोकळ्या मनाने म्हणाले, "मॅडम, सापडली नाही तरी घाई नाही." क्लार्क तेवढा माझ्यावर नाराज होता. पण तक्रार चोर केल्याची नव्हती. "मी सायकलवर कुठे येतो?" तो म्हणाला. "माझी बुलेट आहे. तेवढं दुरुस्त करा."

गोष्टीत हे सोपं असतं. चार जणांना हेतू द्यायचा, तिघांचा काढून घ्यायचा. इथे सगळ्या शाळेला हेतू होता. मी कडीखाली वाकून जमीन बघितली. फरशीवर एक ताजा पांढरा ओरखडा होता. मी त्याचा फोटो काढला. का काढला ते मलाही माहीत नाही, पण आजूबाजूला मुलं जमली होती आणि काहीतरी करणं भाग होतं.

"क्या मिला?" गर्दीतून एका मुलीने विचारलं.

"ओरखडा," मी म्हणाले.

"वो तो हमको भी दिखता," ती म्हणाली. मुलं हसली.

हेडसर आणि मी सगळे वर्ग, जिना, पाण्याची टाकी, मुलींचा संडास (किल्ली त्याच खिळ्यावर होती) बघत फिरलो. प्रयोगशाळाही बघितली. आमच्या शाळेची प्रयोगशाळा तपासणीच्या दिवशी उघडते. एरवी तिला कुलूप असतं, पण ते हिसडा दिला की निघतं. आत धूळ, गंधकाची बाटली, एक हात तुटलेला सांगाडा आणि काचा नसलेलं कपाट. मला चालून चालून दम लागला होता. मी कपाटाच्या खालच्या फळीवर हात टेकून जरा वेळ बसले. हेडसर म्हणाला, "आठे कोन येस? सायन्सना सर बी येत नही." आम्ही दार लावून घेतलं.

दुपारी मी हात टेकले. हेडसरला सांगितलं, मला फक्त कागदावर जमतं. तो बिचारा डोकं धरून बसला. मी हातपंपावर तोंड धुवायला गेले तर तिथे तीन मुली उभ्या. आठवीच्या. एक मघाची, 'क्या मिला' विचारणारी. तिच्या वडिलांचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांचं घर मूळचं शहाद्याचं, आजोबांपासून लोहारकाम. दुसरी जाड चष्म्याची, गावातल्याच शेतकऱ्याची पोर. तिसरी वसतिगृहात राहणारी, वर सातपुड्यातली. तिच्या घरी पावरी बोलतात आणि आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. मराठी तिला शाळेतच भेटलेली. त्यामुळे अख्ख्या शाळेत पुस्तकासारखं शुद्ध मराठी बोलणारी ती एकटी होती, मराठीच्या सरांना धरून.

तीच बोलली. "तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधता आहात."

"मग बरोबर ठिकाण कोणतं?"

"ते नंतर. आधी तुमच्या गोष्टीतली चूक सांगायची आहे. ती घंटा पिशवीत मावत नाही."

"आनि एकला मानूसनं काम नही ते," चष्मेवाली म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मग वेल्डरची मुलगी म्हणाली, "हमने करके देखे ना."

सगळं असं झालं होतं. घंटेचा भाग त्यांनी वाचला आणि त्यांच्यात वाद पडला. चष्मेवाली म्हणत होती, क्लार्कला ती पिशवीत नेता येणारच नाही. वेल्डरची मुलगी म्हणत होती, पिशवी भक्कम असेल तर येईल. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सगळे गेले तेव्हा त्या मागे राहिल्या. घरून आणलेल्या पान्याने वेल्डरच्या मुलीने कडीचा नट काढला, दोघींनी खालून आधार दिला. रूळ खाली आला तो थेट फरशीवर. ओरखडा तोच. मग डब्याची पिशवी आणली. पहिल्याच झटक्याला बंद तुटले. दुसऱ्या पिशवीचा तळ गेला. प्रयोग संपला, चष्मेवाली जिंकली. पण खाली आणलेली घंटा परत वर लावायची तर ती डोक्यावर उचलून धरायला हवी, आणि ते तिघींच्या आवाक्यात नव्हतं. तेवढ्यात शिपाई कुलपं लावायला येताना दिसला. त्यांनी रूळ ओढत जवळच्या खोलीत नेला आणि कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवून दिला.

"कोणत्या खोलीत?"

"प्रयोगशाळेत," वसतिगृहातली म्हणाली. "तुम्ही सकाळी घंटेवरच हात टेकला होता. आम्ही खिडकीतून बघितलं."

मला एकदम आठवलं. हाताला गार लागलं होतं. वर कागदाची पट्टीही चिकटवलेली होती आणि मी ती वाचलीही होती. 'लोखंड (नमुना)'.

"पट्टी कुणी लावली?"

"मी. अक्षर माझं चांगलं आहे."

मी हसायला लागले. त्या हसल्या नाहीत. त्यांना काम होतं. वसतिगृहातलीने सरळ सांगितलं की घंटा कुठे आहे हे मी बाहेर सांगू शकते, पण कुणी ठेवली ते सांगायचं नाही, आणि पुढच्या भागात त्यांना काही बदल हवे आहेत.

"हे काय, धमकी?"

"नाही. अटी," ती म्हणाली.

चष्मेवालीची अट होती की मॉनिटरीण गृहपाठ स्वतः करते हे बंद करा. "कोनी करस का? ती बी दुसरीनं देखीसनच लिखस असं दाखाडा." वेल्डरच्या मुलीला चोर बदलून हवा होता, कारण ज्याला पान्याचा नंबर माहीत नाही तो कडी खोलूच शकत नाही, आणि क्लार्कला तर डब्याचं झाकण उघडत नाही. दोन्ही मी मान्य केलं. मग मी वसतिगृहातलीकडे बघितलं.

"गोष्टीत आमच्याकडची एक मुलगी घाला," ती म्हणाली.

"घालते की." मी खूश झाले. मनात चित्रही आलं. डोंगर, पायवाट, दप्तर घेतलेली मुलगी. "हुशार करू तिला. सगळ्यात हुशार."

"नको."

"मग धावण्यात पहिली..."

"तेच नको आहे," ती म्हणाली. "पुस्तकात आमच्याकडची मुलगी आली की एकतर तिला काही येत नसतं, नाहीतर ती अनवाणी धावून पदक आणते. मग सगळे टाळ्या वाजवतात. मला धावायचा कंटाळा येतो."

"मग कशी हवी?"

तिने विचार केला. 

"थोडी खोटारडी," ती म्हणाली. "थोडी नाही. बऱ्यापैकी. आणि शेवटपर्यंत सापडायला नको."

मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत होते की मी शाळा आहे तशी दाखवते, कुणाला गोड करत नाही. आणि डोंगराचं नाव निघताच माझा हात पदकाकडे गेला होता. मला राग आला, स्वतःचाच, पण तो दाखवायची सोय नव्हती. मी म्हणाले, "ठरलं." त्या तिघी वर्गाकडे निघून गेल्या. कुणी 'धन्यवाद मॅडम' वगैरे म्हणालं नाही.

आता घंटा 'सापडायची' होती. मी हेडसरकडे जाऊन म्हणाले, प्रयोगशाळा पुन्हा बघू. तो म्हणाला, "आपन दोन्हीस्नी देखी ना सकायले." मी म्हणाले, पुन्हा बघू. जाताना विज्ञानाचे सर वाटेत भेटले, त्यांची खोली म्हणून तेही बरोबर आले. मी कपाटापाशी वाकले आणि जमेल तेवढं दचकून म्हणाले, "अगं बाई, हे काय?"

हेडसर गुडघ्यावर बसला. पट्टी वाचली, रूळ बघितला, परत पट्टी वाचली. "हीच," तो म्हणाला. "हीच शे!"

"कुठली?" विज्ञानाचे सर पुढे झाले. "तो आमचा नमुना आहे."

"सर, ही घंटा आहे."

"सर, ते लोखंड आहे. लिहिलंय त्यावर. मी आल्यापासून इथेच आहे. मी गंजण्याचा पाठ यावरच घेतो."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण नाही. सर तपासणीखेरीज त्या खोलीत कधी आले नव्हते, आणि ते कबूल करण्यापेक्षा नमुन्यासाठी भांडणं त्यांना सोपं वाटत होतं. हेडसर म्हणाला घंटा, सर म्हणाले नमुना, हेडसर म्हणाला माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी आणली, सर म्हणाले प्रयोगशाळेचं साहित्य लेखी आदेशाशिवाय देता येत नाही. दारात शिपाई येऊन उभा राहिला. त्याने दोघांचं थोडा वेळ ऐकून घेतलं, मग टोल द्यायची सळई उचलून आणली आणि हेडसरच्या हातात दिली.

"वाजाडी देखा," तो म्हणाला.

हेडसरने दोन्ही हातांनी जोर लावून सणसणीत टोला दिला. रूळ फळीवर होता, तरी आवाज असा निघाला की सांगाड्याचा उरलेला हात हलला. एक टोला मारून त्याचं समाधान झालं नाही. आनंदाच्या भरात त्याने आणखी मारले, धडाधड, एकामागून एक.

आणि आमच्या शाळेत सलग टोले म्हणजे शाळा सुटली.

बाहेर एकच आरडाओरडा झाला. सकाळपासून घंटेविना ताटकळलेली मुलं दप्तरं उचलून फाटकाकडे सुटली. पी.टी.चे सर शिट्टी फुंकत मागे धावले, पण शिट्टीला कोण विचारतो? मराठीचे सर वर्तमानपत्राची घडी घालून मुलांच्या पुढे निघाले होते. आम्ही व्हरांड्यात येईपर्यंत मैदान रिकामं झालं होतं आणि पपईच्या बागेतल्या बाया डबे सोडून झाडाखाली बसल्या होत्या. दुपारचे दोन वाजायची वेळ.

हेडसर सळई घेऊन तसाच उभा. मला अहिराणीत हळूच म्हणाला, "तू आते घर जाय."

मंगळवारी अध्यक्ष आले, टोला मारला, डोळे पुसले, भाषण केलं. घंटा वर लावायला वेल्डरलाच बोलावलं होतं. त्याने नट वेल्ड करून टाकला, म्हणजे आता पान्याचं काम नाही. बरोबर त्याची मुलगी होती, पान्यांची पेटी धरून. तिने वर बघून बापाला सांगितलं की डावीकडचं वेल्ड कच्चं आहे, आणि त्याने पुन्हा मारलं. हे मला शिपायाने फोनवर कळवलं. त्याला चोर करण्याची आठवणही दिली.

चोर कोण, हे शाळेने आपसात ठरवून टाकलं: विज्ञानाचे सर. त्यांच्याच कपाटात सापडली, त्यांनीच द्यायला नकार दिला, आणखी काय पुरावा हवा? मी खुलासा करायला तयार होते, निदान तसं हेडसरला म्हणाले. पण सरांचीच तक्रार नव्हती. ज्या माणसाकडे मुलं वर्षानुवर्षं ढुंकून बघत नव्हती, त्यांच्या तासाला आता सगळं चिडीचूप असतं. हा माणूस घंटा चोरू शकतो, म्हणजे काहीही करू शकतो, असा मुलांचा समज झाला. सरांनी प्रयोगशाळेला नवं कुलूप लावलं आणि म्हणे आठवड्यातून एकदा ते उघडतातसुद्धा. 'लोखंड (नमुना)' या पट्टीखाली आता एक खिळा ठेवलेला आहे.

पुढचा भाग काढायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. क्लार्कला बुलेट दिली, चोरी त्याच्याकडून काढून घेतली. शिपायाला पान्यासकट चोर केला. मॉनिटरीण शेजारणीचं बघून गृहपाठ लिहिताना दाखवली. तेवढ्यावर धुळ्याच्या ताईंनी माझ्याशी पत्रव्यवहार थांबवला. आणि त्याला हात देणारी, डोंगरातून आलेली एक नवी मुलगी घातली, जी मॉनिटरणीला सरळ तोंडावर खोटं सांगते की घंटा गेली तेव्हा मी वसतिगृहात कपडे धूत होते. मॉनिटरीण विश्वास ठेवते. वाचणाऱ्याला कळतं, तिला कळत नाही. या वेळी कागद हिरवा होता, साखरपुड्याचा.

छापायच्या आधी मी पानांचे फोटो वसतिगृहाच्या बाईंच्या फोनवर पाठवले आणि मुलीला दाखवायला सांगितले. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"खोटं बोलताना तुम्ही तिला खाली बघायला लावलं आहे," ती म्हणाली.

"हो. म्हणजे वाचणाऱ्याला समजतं, की ही खोटं बोलतेय."

"खाली बघितलं तर मॉनिटरलाही समजेल. खाली कशाला बघायचं? समोर बघायचं. आणि मध्येच एखादी खरी गोष्ट सांगायची. उदाहरणार्थ, साबण संपला होता."

मागून बाईंचा आवाज आला की अभ्यास झाला का. "झाला," ती म्हणाली, फोन तसाच कानाला लावून, अगदी सहज. मग बाईंना म्हणाली, "फक्त भूगोलाचा नकाशा राहिला आहे."

मी फोन ठेवला आणि ती चौकट पुन्हा काढायला घेतली. पापण्या खोडल्या, बुबुळं वर आणली, हातात साबणाची रिकामी डबी दिली. नवरा मागून बघत होता. तो म्हणाला, ही पोर किती सज्जन दिसतेय. मी म्हणाले, दिसू दे, आणि पान छपाईला सोडलं.